भुताची ओटी

कमळने तरुणपणी एका सिनेमात काम केलं, आणि त्यातही तिचं तोंड कुठे दिसलं नाही. दिसली ती पाठ, कमरेपर्यंत मोकळे सोडलेले ओले केस आणि पदर पसरलेले दोन हात. पण कोळीवाड्यात माणूस ओळखायला तोंड लागतं कुणाला? डाव्या हाताला कोपराखाली तिचं गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि त्याच्या बाजूला दोन मासळ्या. हातच्या काकणाला आरसा कशाला! व्हिडिओवर ते हात दिसल्याबरोबर अख्ख्या वाडीने एका तोंडाने म्हटलं, "अगो, ही तर आपल्या सदाची बायको!"

सिनेमात काम केलं तेव्हा कमळचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. बोर्ली पंचतनकडची ही पोर मुरुडजवळच्या या कोळीवाड्यात नांदायला आली होती. मुंबईहून सिनेमावाले आले, त्यांनी सदा ज्या होडीवर खलाशी होता तीच होडी भाड्याने घेतली. नटी चांगली नावाजलेली होती, पण खाडीच्या गाळात पहिल्याच पावलाला गुडघाभर रुतली आणि रडायला लागली. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. त्याला पाण्यातून चालत बाहेर येणारी बाई हवी होती, चिखलातून ओढून काढायची बाई नको होती. तेव्हा सदा मोठ्या ऐटीत बोलून गेला, "माजी बायको रोज याच चिखलात कालवं काढते."

झालं. कमळला नटीचं हिरवं लुगडं नेसवलं, केस सोडायला लावले आणि सांगितलं, छातीभर पाण्यातून किनाऱ्याकडे चालत ये, पदर पसर, मागे बघू नकोस. कथा काय आहे हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पदर पसरून समुद्रातून येणारी बाई म्हणजे देवीच असणार, अशी तिची बिचारीची समजूत. देवीच्या सिनेमात आपले हात येणार म्हणून त्या दिवशी तिने उपास धरला होता.

सिनेमाचं नाव 'खाडीची सवाष्ण'. गावातले चौघे मिळून एका नव्या नवरीची अब्रू घेतात आणि तिला खाडीत बुडवतात. मग ती भरतीबरोबर वर येते आणि एकेकाच्या दारात जाऊन उभी राहते. घरातली बाई बघते तर ओलेती, अनोळखी सवाष्ण. सवाष्णीला दारातून विन्मुख कसं पाठवायचं? ती बिचारी हळदकुंकू लावते, नारळ-तांदळांनी ओटी भरते. ज्या घरातून ओटी भरली त्या घरचा पुरुष त्याच भरतीत मरतो. बायकोच्याच हातून नवऱ्याचा घात, असा तो बदला.

सिनेमा लागला आणि गहजब झाला. बायकांच्या संघटनांनी मोर्चा काढला, कारण त्या नवरीवरचा अत्याचार दिग्दर्शकाने चवीचवीने, लांबण लावून दाखवला होता. देवळातल्या मंडळींनी मोर्चा काढला, कारण ओटीसारख्या मंगल गोष्टीला मरण चिकटवलं होतं. एका ठिकाणी तर म्हणे दोन्ही मोर्चे एकाच टॉकीजवर आले आणि दगड मारण्याआधी आपापसातच भांडले. शेवटी सिनेमा थिएटरातून उतरला आणि घराघरांत शिरला. ज्यांनी मोर्चे काढले त्यांच्याही घरांत शिरला. कोळीवाड्यात व्हिडिओ भाड्याने आणला, अंगणात चटया टाकल्या, आणि कमळला तेव्हा कळलं की आपण देवी नव्हतो.

सुरुवातीला सगळी मजाच होती. पोरं तिला बघून पदर पसरायची. सदा घरात शिरताना दारातच ओरडायचा, "भुता, जेवायला वाढ!" ती चिमटा फेकून मारायची. त्या वर्षीच्या गौरीला शेजारच्या सखुबाईने सगळ्या बायकांदेखत तिला पाटावर बसवलं. सखुबाई तिच्याहून सातआठ वर्षांनी मोठी, दाराला दार लागून, स्वभावाने दांडगी. "ये गो भुता," ती म्हणाली, "तुजी बी ओटी भरते. बगू काय करतेस." बायका पोट धरून हसल्या. सखुबाईने ओंजळी भरभरून तांदूळ घातले, वर नारळ ठेवला, गाल ओढला.

त्या गौरीचं विसर्जन होऊन आठवडा झाला नव्हता. भादव्यातलं वादळ आलं, आणि सखुबाईचा नवरा तुकाराम होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडीची फळी तेवढी रेवदंड्याकडे लागली.

कमळला कुणी एक शब्द बोललं नाही. हे लक्षात घ्या, कारण बोललं असतं तर तिला भांडता आलं असतं. भांडायला ती कमी नव्हती. पण वाडीने तोंडात मिठाची गुळणी धरली. फक्त पुढच्या चैत्रात हळदीकुंकू झालं, ताट घेऊन येणारी बाई कमळपाशी आली, आणि तिला नेमकं आतून कुणीतरी हाक मारली. लग्नात ओट्या भरल्या, कमळच्या वेळेला तांदूळ संपले. पुढच्या गौरीला खण संपले. तिच्यानंतर बसलेल्या बाईच्या वेळेला मात्र खण परत कुठूनसे उगवायचे. दोन-तीन वर्षांत कमळ शहाणी झाली. ओटीचं ताट दिसलं की आपणच उठून चुलीपाशी जायची. वडे तळायला बसायची. निदान समोरच्या बाईला खोटं बोलावं लागू नये एवढंच.

एरवी तिच्याशी कुणी वाईट वागलं असं नाही. तिच्या टोपलीतली मासळी लोक घेत, तिला उसनं मीठ देत, तिच्या लेकीला, किशोरीला, सगळ्या वाडीने कडेवर खेळवली. सखुबाई आणि ती तर एकाच ओट्यावर बोंबील वाळत घालत, एकमेकींची मांजरं हाकलत. सखुबाई बाजारात गेली तर तिच्या घराची चावी कमळकडे असायची. फक्त ती एक गोष्ट दोघींमध्ये कधी निघाली नाही. माहेरी आई होती तोवर आईने ओटी भरली, किशोरीच्या लग्नात उरणच्या विहिणींनी भरली. परक्यांनी भरली. पण ज्या वाडीत जन्म काढला, तिथल्या बाईच्या हातचे मूठभर तांदूळ त्या गौरीनंतर कमळच्या पदरात पडले नाहीत. ती ते मनाला लावून घेत नाही असं सगळे म्हणत. सगळे चूक होते.

आणि आता सदा आजारी पडला. हृदय मोठं झालंय, रक्त नीट ओढत नाही, असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. पाय सुजून खांबासारखे झाले. मीठ बंद, सुकी मासळी बंद. कोळ्याला मीठ बंद म्हणजे जिवंतपणी सुतक. "समुद्रावर जल्म काढला नि आता मिठाचा खडा नाय," असं म्हणून तो हसायचा, मग धाप लागायची. परत घरी नेताना डॉक्टरांनी किशोरीला बाजूला घेऊन काय सांगितलं हे किशोरीने आईला सांगितलं नाही. कमळला ते तिच्या तोंडावरच दिसलं.

तेव्हापासून कमळच्या मनात एक विचार यायला लागला आणि त्याची तिला लाज वाटायची. सदा गेला की आपली ओटी भरायचा प्रश्नच मिटला. मग वाडीला तांदूळ संपल्याचं सोंगसुद्धा करावं लागणार नाही. नवरा खाटेवर धापा टाकतोय आणि आपण तांदळांचा विचार करतोय, ही कुठली बाई झाली! पण विचार जाईना. सवाष्ण आहोत तोवर एकदा, या वाडीतल्या एका बाईने. एकदाच.

अशात क्रांती आली.

क्रांती मूळची तळा गावची, वाढली मुंबईत, पस्तिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ. ती 'खाडीची सवाष्ण' नव्याने करत होती. जुन्या सिनेमाचे म्हणे आता भक्त झालेत, पोरं मोबाइलवर त्यातले तुकडे बघतात. जुन्या छायाचित्रकाराकडून तिने त्या हातांचं नाव-गाव काढलं आणि थेट कमळच्या ओट्यावर येऊन बसली. सुक्या बोंबलांच्या वासाने तिच्याबरोबरच्या सहायकाने, रितेशने, नाकाला रुमाल लावला. हिने लावला नाही, म्हणून कमळने तिला चहा दिला.

"मावशी, जुन्या सिनेमात त्या बाईवर जे झालं ते पंधरा मिनिटं दाखवलंय," क्रांती म्हणाली. "मी एक क्षणही दाखवणार नाही. आणि शेवट बदलणार. माझ्या सिनेमात ती बाई इतकी वर्षं चालतेच आहे. म्हातारी व्हायला आलीय. चौघं मेले तरी तिला सुटका नाही. शेवटी गावातल्या बायका एकत्र येतात, सगळं कळून-सवरून तिची ओटी भरतात, आणि ती शांत होते. ते शेवटचं चालणं तुम्ही चालायचं. आणि ओटी तुमच्याच वाडीतल्या बायका भरतील."

कमळने हातातली बशी खाली ठेवली.

"तांदूल खरं असतील ना?" तिने विचारलं.

"हो, खरेच."

"नि नारल? खण?"

"सगळं खरं, मावशी."

"मग येते," कमळ म्हणाली. क्रांतीला वाटलं, काय बारकावा आहे बाईचा! रितेशने ते लगेच मोबाइलमध्ये लिहूनही घेतलं. आता त्यांना कोण सांगणार की बाई सिनेमाचा नव्हे, स्वतःच्या पदराचा हिशेब करत होती. तांदूळ खरे, नारळ खरा, कुंकू खरं, हात वाडीतल्या बायकांचे. मग त्यात खोटं ते काय राहिलं? कॅमेरा. तो असेना का कोपऱ्यात.

खाटेवरून सदा सगळं ऐकत होता. "चाल, चाल," तो म्हणाला. "या टायमाला तरी तोंड दाव. मागच्या बारीला लोकांनी माजी बायको पाठमोरीच पायली."

वाडीत दवंडी पिटायची गरज पडली नाही. सिनेमात घेणार म्हणताच बायकांनी नव्या नऊवाऱ्या काढल्या, कुणी मुरुडला जाऊन भुवया करून आली. जनी तर सगळ्यांच्या पुढे. ही जनी म्हणजे उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई. वाडीतली कुठलीही बातमी तिच्या पायरीवरून गेल्याशिवाय पुढे जात नसे. रितेशने सगळ्यांना देवळापुढे बसवून प्रसंग समजावला. कमळमावशी पाण्यातून येणार, तुम्ही किनाऱ्यावर ओळीने उभ्या, एकेकीने पुढे होऊन ओटी भरायची. बायकांनी माना हलवल्या. पण जाताना कुणी कुणाशी बोललं नाही, आणि जनी गप्प बसलेली बघून कमळला हे काही ठीक वाटलं नाही.

चित्रीकरणाचा दिवस ओहोटी बघून धरला होता. दुपार कलल्यावर पाणी मागे जाईल, गाळ उघडा पडेल, आणि भरती लागायच्या आत काम उरकायचं. कमळ सकाळी सदाला पेज भरवून, शेजारच्या पोरीला त्याच्यापाशी बसवून किनाऱ्यावर आली. हिरवं लुगडं नेसली. केस आता पांढरे झाले होते. क्रांतीने ते तसेच सोडायला सांगितले. पाण्यात उतरली, वळली, आणि चालत आली. गाळ तिच्या पायांना ओळखत होता. कुठे रुतायचं, कुठे टाच टेकवायची, सगळं पायांनीच केलं. क्रांती कॅमेऱ्यामागे उभी राहून रडली, हे रितेशने नंतर सगळ्यांना सांगितलं.

आणि मग ओटीची वेळ आली.

किनाऱ्यावर ताटं मांडून ठेवली होती. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकवाचे करंडे. कमळ घोटाभर पाण्यात पदर पसरून उभी. रितेश म्हणाला, "हं, पहिल्या ताई, या."

पहिल्या ताईंना चक्कर आल्यासारखं होत होतं. ऊन फार. दुसरीचा उपास निघाला, जणू उपासाला ओटी भरायची बंदीच. तिसरीच्या घरात सुनेचे दिवस भरत आले होते, अशा वेळी नको. चौथीने स्पष्टच सांगितलं की तिचा नवरा होडीवर गेलाय, संध्याकाळी यायचाय, आणि ती बाजूला झाली. हे खरं कारण होतं आणि ते ऐकल्यावर बाकीच्यांना कारणं शोधायची गरज राहिली नाही. ओळ नुसतीच उभी राहिली. जनी आपल्या बांगड्या मोजत होती.

"पण हा सिनेमा आहे!" रितेश म्हणाला. "खोटं असतं ते!"

"मंग तुज्या बायकोला बोलव भरायला," ओळीतून कुणीतरी म्हणालं. रितेशचं लग्न ठरलेलं होतं.

कमळ पदर पसरून उभीच होती. हात खाली घ्यावे की न घ्यावे तिला कळेना. इतकी वर्षं निदान तांदूळ संपत तरी होते. आज ताटं भरून तांदूळ होते आणि बघायला कॅमेरा होता. चुलीपाशी पळून जायला चूलही नव्हती. तिला वाटलं, या पोरीला हो म्हटलं हीच चूक झाली. झाकली मूठ झाकलीच ठेवायची होती.

क्रांती घाईघाईने आली. "मावशी, काही हरकत नाही. पनवेलहून बायका बोलावून ठेवल्यात, गाडी देवळाशी उभी आहे. त्या भरतील."

"त्या भरनार असतील तर मी नाय," कमळ म्हणाली. "परक्यांनी माजी ओटी लय भरलीय."

क्रांतीला काही समजलं नाही, पण तिने खोदून विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा. रितेश घड्याळ आणि पाणी यांच्याकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी क्रांती म्हणाली, "ठीक आहे. हा प्रसंग सोडू आपण."

तेवढ्यात बांधावरून सखुबाई उठली.

ती सिनेमात नव्हती. विधवांना ओळीत उभं करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, क्रांतीच्याही नाही. सखुबाई आपली सावलीला बसून गंमत बघत होती. गुडघे धरत, एका हाताने बांधाचा आधार घेत ती खाली उतरली, मधलं ताट उचललं आणि गाळात पाय घातला.

"सखुबाय, तू?" जनीला आता वाचा फुटली. "तुना कसं चालंल?"

"का नाय? मी भरली तर काय व्हईल?" सखुबाई मागे न बघता म्हणाली. "माजा दादला मरंल? तो कवाच मेलाय."

एक-दोघी हसल्या आणि लगेच तोंडाला पदर लावला.

सखुबाई समोर येऊन उभी राहिली, आणि कमळचा पाय आपोआप मागे गेला.

जेमतेम वीतभर गेला असेल. पण गेला. घरी सदा होता. सुजलेले पाय उशीवर ठेवून पडलेला, मिठावाचूनची पेज गिळणारा. आणि समोर विधवेच्या हातातलं कुंकू. हिच्या हातची ओटी घेतली आणि उद्या सकाळी त्याला काही झालं तर? त्याच क्षणी तिला कळलं की समोरच्या ओळीतल्या बायका इतकी वर्षं ज्याला भ्यायल्या ते हेच. त्यात कमळचा द्वेष नव्हता. घरी एक माणूस होतं आणि ते परत यायला हवं होतं, एवढंच. तिने त्यांना मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या, आणि वेळ आल्यावर तिचाही पाय त्यांच्यासारखाच मागे गेला होता.

सखुबाईने ते पाहिलं. मागे सरणारा पाय तिच्याइतका कुणाला ओळखू येणार? ती रागावली नाही. ताट धरून तशीच उभी राहिली.

"नको असंल तर नको घेऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बी तुना तेच केलंय."

कमळचा पाय मागेच होता.

"तो वाऱ्यानं गेला, कमल. मना तवाच ठावं व्हतं. होडीच्या तलाला भेग व्हती. मीच बोलले व्हते, जाऊ नको, नि मग मीच भाकरी बांधून दिली. पन कोनाच्या तरी माथ्यावर घालायचं व्हतं. तू समोर व्हतीस, दाराला दार. चैताच्या हलदीकुंकवाला ताट तुज्यापाशी आलं, तवा आतून हाक मारली ती मीच."

ती हाक कुणी मारली होती याचा कमळने कधी विचारच केला नव्हता. सिनेमातल्या बाईने चार घरं फिरून बदला घेतला आणि ती मोकळी झाली. सखुबाईने तो एका हाकेत घेतला, आणि मग रोज सकाळी त्याच बाईच्या शेजारी बसून बोंबील वाळत घातले. रक्ताचा थेंब न सांडता तो बदला दोघींचे केस पांढरे होईपर्यंत चालला होता. कमळला राग आला. खरोखरीचा, डोळ्यांपुढे अंधारी आणणारा राग. ताट उडवून द्यावं असं तिच्या हातांना वाटलं. या बाईच्या घराची चावी आपण गळ्यात बाळगली! मग तिने सखुबाईचे हात पाहिले. त्यांनी ताट अजून तसंच पुढे धरलेलं होतं. पाणी वळलं होतं, आणि दोघींच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

कमळने मागे नेलेला पाय पुढे आणला आणि पदर पसरला.

सखुबाईने कुंकवाच्या करंड्यात बोट घातलं. किती वर्षांनी घातलं असेल. बोट कपाळापाशी येऊन अडखळलं, आणि कुंकू वाकडं लागलं. मग ओंजळ भरून तांदूळ, परत ओंजळ, परत ओंजळ. खण. नारळ ठेवताना ती एकदम हुंदका देऊन रडली, आणि कमळ तिच्यावर ओरडली, "नीट धर, पाण्यात पडंल!"

ओळीतली जनी पुढे आली. का आली हे तिचं तिलाच ठाऊक. मागे राहिलं तर उद्या सांगायला काही उरणार नाही असं वाटलं असेल. तिने घाबरत घाबरत चार दाणे घातले आणि देवाचं नाव घेतलं. मग आणखी दोघी आल्या. बाकीच्यांना घरची कामं आठवली. जिचा नवरा होडीवर होता ती जागची हलली नाही, आणि कमळने तिच्याकडे बघून मान हलवली, असू दे म्हणून.

"ग्रेट! अप्रतिम!" रितेश पाण्यात धावत आला. "सखुबाईंचं तोंड नीट आलं नाही, जरा या बाजूने, पुन्हा एकदा घेऊ या?"

"पुन्ना?" सखुबाई नाक पुसत म्हणाली. "एकदा भरली ती भरली. कोनी दोनदा भरतं का?"

क्रांतीने रितेशला मागे ओढलं.

कमळ त्याच ओल्या लुगड्यात घरी आली. सिनेमावाल्यांचं लुगडं, ते परत द्यायचं होतं, पण ओटी पदरात असताना लुगडं कसं सोडणार? शेजारच्या पोरीला घरी पाठवलं, ओटीतले तांदूळ सुपात ओतले, त्यातले दोन मुठी धुऊन चुलीवर चढवले. सदा झोपेत होता. छाती वरखाली होतेय ना, हे तिने दोनदा जाऊन बघितलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो जागाच होता.

"दावलंस का तोंड?" त्याने विचारलं.

"दावलं."

तिने भात मऊ करून ताटलीत घेतला, त्याला उशीला टेकवून बसवलं आणि पहिला घास पुढे केला. त्याने तिच्या कपाळावरचं वाकडं कुंकू पाहिलं, सुपातला नारळ पाहिला.

"ओटीचा भात?"

"व्हय."

"कोनी भरली?"

कमळचा हात थांबला. खोटं बोलता आलं असतं. जनीने भरली म्हणाली असती तरी ते पुरतं खोटं नव्हतं. मग तिने त्याच्याकडे सरळ बघितलं.

"सखुबायनं भरली. पयली तिनं."

सदा बराच वेळ तिच्या हातातल्या घासाकडे बघत राहिला. बाहेर भरतीचा आवाज चढला होता. मग त्याने तोंड उघडलं. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, ताटली संपवली आणि म्हणाला, "आजून वाढ."

कमळने पातेल्यात होता तो सगळा भात वाढला. दोन दिवस त्याने पेजेशिवाय काही घेतलं नव्हतं.